तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पडद्यावर ‘आपल्या मनानं’ चालवायचा कसा?

महालकर:
६ मिनिटांची परीकथा आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, रात्री नंदीची दोरी सुटते आणि तो तिठ्यावर येतो. एक वाट घरची, दुसरी रानाची. नंदी ९ इंची, चार चाकांचा. तंगुसानं ओढून पाहिला, पण कुणीतरी ओढतंय हे लगेच कळतं. काहून? शूट फोनवरच करायचं आहे.

चौकटराजा:
तंगूस आधी ताणतो, मग अडकलेली चाकं एकदम सुटतात, म्हणून झटका बसतो. शिवाय ओढ पुढून येते, त्यामुळे वाट आधीच ठरलेली दिसते. दोरी सुटलेला बैल पुन्हा दोरीनंच ओढायचा, मग गोष्टीत उरलं काय?

एकेक फोटो घेऊन हलवा. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे नंदीचं चालणं ४० सेकंदांचं धरलं तर ४८०. निघताना १, २, ३ मिमी, पुढे ४ मिमी कायम. थांबताना याच्या उलट. चौकटीबाहेर टेबलाच्या कडेला मास्किंग टेप लावून मिलिमीटरच्या खुणा करा. चाकामागे खेळण्यातल्या मातीची गोळी दाबा, नाहीतर नंदी आपसूक सरकतो.

खिडकी बंद, एलईडी दिवा, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) हातानं ठरवलेले, शटर १/५० सेकंद. ऑटोवर ठेवलं तर दर फोटोत रंग बदलून चित्र लुकलुकतं. पॉवर बँक आधीच जोडून ठेवा. मध्येच फोन काढला की चौकट गेली. आणि भाऊ, कूलर बंद! झूल हलते.

गेरूपडदा:
वळणावर सगळे फसतात. मधोमध धरून फिरवला की नंदी ताटातल्या लाडवासारखा गरगरतो. मागच्या कण्याचा मध्य जागेवर ठेवा, तोंड फिरवा. ४५ अंश १५ फोटोंत, दर वेळी ३ अंश.

मोकळी माती पसरू नका, बोटांचे ठसे उमटतात. फळीवर फेविकॉल आणि पाणी निम्मेनिम्म, वर चाळलेली माती, रात्रभर वाळवा.

महालकर:
मग तो रान निवडतो हे कळणार कसं? तोंड तर कोरीव आहे, हलत नाही.

चौकटराजा:
वळण्याआधीच्या थांब्यात. ६ फोटोंचा थांबा चूक वाटतो. २४ ठेवा, २ सेकंद. पण एकच फोटो २४ वेळा डकवला तर चित्र गोठतं, फोटोतले बारीक दाणेही हलत नाहीत. २४ वेगळेच घ्या. आठव्या फोटोला गळ्याचा गोंडा घराकडे २ मिमी, सोळाव्याला रानाकडे. बास. डोळे रंगवून फिरवायच्या भानगडीत पडू नका, कार्टून होतं.

महालकर:
आणि दोरी घेऊन येणारं पोरगं?

गेरूपडदा:
पोरगं दाखवूच नका. ४८० फोटो हात स्थिर राहत नाही. पुठ्ठ्याची आकृती कापून दिव्यापुढे ठेवा, नुसती सावली नंदीवर पडू द्या. पुठ्ठा स्टँडला क्लिपनं लावा, हातात धरू नका. दोरी मात्र खरी, चौकटीच्या कडेनं लोंबती.