थंडीत अनवाणी पळताना पाय बधिर होतात, लय सापडत नाही

गुळवाली | १२ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मी बाई आहे. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या आम्ही बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो आणि लिहितानाही तसंच येतं. तेव्हा उत्तराची सुरुवात 'भावा'नं करू नका.

वय ४३. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. सीझन सुरू झाला की सकाळी दहाला खुर्चीवर बसलेलं बूड संध्याकाळी सातलाच उठतं. तीन वर्षं रंकाळ्यावर पळतोय, आजवर शूज घालूनच. गेल्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला, शूज बदलले, तरी कुरकुर तीच.

नवरात्रात आमच्या घरी नऊ दिवस अनवाणी राहायची रीत आहे. दरवर्षी मी तेवढे दिवस पळणं बंद ठेवतो. यंदा ते जिवावर आलं, म्हणून घटस्थापनेच्या पहाटे पायात काही न घालता पळालो. पहिले चार दिवस पोटऱ्यांनी जीव घेतला. जिना उतरताना कठड्याला धरून उलटं उतरत होतो, पोरं हसत होती. सहाव्या दिवशी मात्र संध्यामठाच्या बाजूला काहीतरी जुळलं. पावलं आपोआप आखूड पडायला लागली, टाच आपटायची थांबली, श्वास आणि पाय एकमेकांशी भांडेनात. अर्धी फेरी कधी संपली कळलंच नाही. गुडघा गप्प. दसरा झाला तरी मी शूज काढून ठेवले ते ठेवलेच.

आता थंडी पडली आणि सगळं मोडलं. पहाटे साडेपाचला मोबाईल १३ अंश दाखवतो. सिमल्याचे लोक हसतील, हसू देत. दवानं भिजलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय ठेवला की पहिल्या पाच मिनिटांत बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागतात. मग पाय पडतो तो थाप थाप, परातीत भाकरी थापल्यासारखा. तांबट कमानीजवळ एक तांबडं कुत्रं झोपलेलं असतं. शूजवाले दहाजण शेजारून गेले तरी ते हलत नाही, माझा आवाज आला की उठून भुंकतं. नवरात्रात एकदाही भुंकलं नव्हतं.

घाबरलो मात्र गेल्या रविवारी. कळंब्याकडं गेलो होतो. घरी आल्यावर सासूबाईंना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. बघतो तर टाचेत बाभळीचा काटा, मोडून आत बसलेला. किती अंतर तसंच पळालो देव जाणे, मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. सासूबाईंनी सुईनं काटा काढला आणि म्हणाल्या, "अख्ख्या जगाला पायताण पुरवणारं गाव आपलं, आणि तुलाच मिळंना व्हय?"

तर विचारायचं हे की संक्रांतीपर्यंत हे बंद ठेवू का? की बधिर पायांनीही ती लय धरायची काही युक्ती आहे? मिनिटाला १८० पावलं मोजून बघितली. मोजण्यात एवढी गुंग झालो की एका आजोबांच्या काठीला धडकलो.

---

टॉवर_ते_टॉवर | १२ डिसेंबर, रात्री १०.२०

ताई, स्पष्ट बोलतो. शूज घाला. अनवाणीचं नाव निघालं की लोक अबेबे बिकिलाचं उदाहरण देतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन अनवाणी जिंकला, खरं आहे. पण ती शर्यत सप्टेंबरातली होती, १३ अंशांतल्या दवातली नव्हे. आणि चार वर्षांनी टोकियोत तोच माणूस बूट घालून पळाला आणि आणखी तीन मिनिटं कमी घेऊन पुन्हा जिंकला. हे कुणी सांगत नाही.

शिवाय ३१ डिसेंबर जवळ आलाय. त्या रात्रीनंतर आठवडाभर रंकाळ्याच्या कडेला काय काय फुटलेलं पडलेलं असतं ते तुम्हीही बघितलं असेल. मी तर शूज घालूनसुद्धा खाली बघत पळतो.

---

मिरजेची_फिजिओ | १३ डिसेंबर, दुपारी २.१५

गुळवालीताई, आधी काट्याचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं? मातीतला काटा खोल गेला असेल आणि पाच वर्षं उलटून गेली असतील, तर उद्याच दवाखान्यात जाऊन विचारा. सुईनं काढलेल्या काट्याचं टोक आत राहिलं असेल तर जागा दुखत राहते, तेही दाखवून घ्या. आणि साखर तपासलेली आहे ना? मधुमेह असेल तर हा विषय इथेच थांबवा, कारण त्यात पायाची संवेदना थंडीशिवायही कमी झालेली असू शकते.

आता बधिरपणाचं. गारठ्यात शरीर आधी पोटातली आणि छातीतली ऊब राखतं. त्यासाठी हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तळवा गार पडला की तिथल्या नसांमधून निरोप हळू जातो आणि तुम्हाला जमीन उशिरा कळते, अर्धवट कळते. अनवाणी पळण्याची सगळी मदार या निरोपावर. खडा टोचला की पाय आपोआप हलका पडतो, कडक लागलं की गुडघा थोडा जास्त वाकतो. निरोपच आला नाही तर पाय आंधळा. तुमची थाप थाप तिथून येते. त्या अवस्थेत लय शोधू नका, सापडणार नाही. आधी पाय जागे करा.

त्यात दव. पाणी हवेपेक्षा साधारण २५पट वेगानं उष्णता ओढून नेतं, म्हणून कोरड्या १३ अंशांपेक्षा ओल्या पेव्हरवरचे १३ अंश पायाला फार जड जातात. पेव्हर सोडून माती धरा, किंवा साडेपाचऐवजी साडेसात करा.

माझ्याकडे येणाऱ्या पळणाऱ्यांना मी एवढंच सांगते: ऊब वरून खाली आणा. कानटोपी, पूर्ण बाह्यांचं काहीतरी, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं मोजे-बूट घालून भरभर चाला किंवा हळू पळा. अंग तापलं, कपाळाला घाम आला, की तळव्याकडे रक्त परत वळतं. तेव्हा बूट काढा. मध्ये थांबून प्रत्येक बोटाला हाताचं बोट लावून बघा. स्पर्श कळला तर पुढे, नाही कळला तर बूट पुन्हा पायात. यात हट्ट नको. बोटं पांढरीफटक पडत असतील, किंवा घरी आल्यावर लाल होऊन खाजत-सुजत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. आणि गारठलेले पाय एकदम कढत पाण्यात घालू नका. बधिर कातडीला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं.

१८० चा आकडा सोडून द्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी अव्वल धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो पसरला. ती माणसं शर्यतीच्या वेगात होती. तुम्ही आणि मी रंकाळ्यावर ज्या वेगानं जातो त्याचा या आकड्याशी संबंध जोडायचं कारण नाही.

अनवाणी पळलं की सगळे पुढच्या पावलावरच उतरतात, हेही पूर्ण खरं नाही. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० चा अभ्यास खूप गाजला. सवयीनं अनवाणी पळणारे बहुतेक पुढच्या किंवा मधल्या पावलावर उतरतात आणि त्यामुळे टाचेला बसणारा धक्का टळतो, असं त्यात दिसलं. पण २०१३ मध्ये केनियातल्या दासानाच लोकांवर अभ्यास झाला. तेही जन्मभर अनवाणी वावरणारे, तरी आरामाच्या वेगात बहुतेक जण टाचेवरच उतरत होते, वेग वाढवल्यावर हे प्रमाण कमी झालं. तेव्हा मुद्दाम चवड्यावर पळू नका. तुमच्या पोटऱ्या नवरात्रात बोलल्याच आहेत.

---

खासबागचा_म्हातारा | १३ डिसेंबर, रात्री ८.०५

ताई, मिरजेच्या बाईंनी लाखाचं सांगितलं, त्यात मी काय भर घालणार. पण लयीबद्दल बोलतो. माझी उमेदीची वर्षं तालमीत गेली. आमच्या वस्तादांना घड्याळ माहीत नव्हतं. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजते ती ऐकली असशील. हलगीवाला मोजत बसत नाही. पैलवान बघतो, त्याचं अंग कसं चाललंय ते बघतो आणि हात तसा पडतो. पायाचंही तसंच हाय. पाय टाकायचा नसतो, उचलायचा असतो. पडायचं काम त्याचं त्याला येतं.

थंडीत आम्ही आखाड्यात उतरायच्या आधी शंभरभर बैठका मारायचो. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घातलेलं असतं, पौषात ती पायाला बर्फागत लागायची. पण बैठका झाल्या की अंगातनं वाफ निघायची आणि तीच माती मऊ लागायची. माती काय बदलली नव्हती. तर तू रंकाळ्यावर जाऊन थंड अंगानं पळत सुटतीस, तिथं चूक हाय. आधी तिथंच वीस-पंचवीस बैठका मार. लोक बघतील. बघू देत, कोल्हापुरात बैठका मारणाऱ्याला कोण हसत नाही.

दुसरं, कानात ते वायर घालून पळत असशील तर काढ. आपल्या पायाचा आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे. आवाज वाढला की वेग कमी कर, पाऊल आखूड घे. आवाज गेला की समज बसलं.

शूजवाल्या भावा, तुझं काचेचं म्हणणं मात्र खरं. पहिल्या जानेवारीला मीसुद्धा पायताण घालूनच फिरायला जातो.

---

बर्फातला_कोल्हापुरी | १४ डिसेंबर, पहाटे ३.३०

स्वीडनमधून लिहितोय, इथे आत्ता उणे ६ आहे. आलो त्या वर्षी जोशात येऊन बर्फावर अनवाणी पळालो होतो, जेमतेम चार मिनिटं. आधी आग झाली, मग दुखणं थांबलं, आणि मला वाटलं जमलं की. शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून ओरडून आत घेतलं. दुखणं थांबलं होतं म्हणजे पाय गोठायच्या वाटेवर होता, हे नंतर कळलं. तुमच्याकडे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे हिमदंशाची भीती नाही. पण दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊ नका, एवढं माझ्याकडून घ्या.

बाकी गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मिळत असताना तुम्हाला थंडीची तक्रार सुचते, याचा राग आला.

---

गुळवाली | २९ डिसेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, दुकानात गुळाची आवक जोरात आहे.

इंजेक्शन घेतलं. सात वर्षं झाली होती. साखर ठीक आहे. काट्याचं टोक आत नव्हतं, सासूबाईंची सुई डॉक्टरांच्या परीक्षेत पास झाली.

बंद ठेवलं नाही. वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं केली, त्याहून उशीर केला तर पोरांचे डबे राहतात. घरातून जुने शूज घालून निघतो, रंकाळा टॉवरपर्यंत भरभर चालतो आणि तिथं पंचवीस बैठका मारतो. पहिल्या दिवशी बारातच मांड्या बोलल्या. दोन बायका थांबून बघत होत्या, तिसऱ्या दिवशी त्यातली एक शेजारी येऊन स्वतःच मारायला लागली. मग शूज काढून नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवतो. हे ध्यान बघून कुणी फोटो काढला असेल तर कृपया इथं टाकू नका.

बोट लावून बघायचं ते रोज करतो. आठ दिवसांत दोनदा डाव्या पायाच्या करंगळीला काहीच कळलं नाही. दोन्ही वेळा शूज घालून पळालो. पहिल्यांदा जिवावर आलं, दुसऱ्यांदा नाही.

आणि लय. सांगायला सोपं नाही. म्हाताऱ्या काकांचं 'उचलायचा' हे डोक्यात ठेवलं तर दोन दिवस पाय घोड्यासारखे उचलत होतो, दम लागला. तिसऱ्या दिवशी विसरूनच गेलो, कारण दुकानातल्या एका पावतीचा ताळमेळ लागत नव्हता आणि तोच विचार चालला होता. शालिनी पॅलेसच्या बाजूला, पेव्हर सोडून कडेच्या मातीवर होतो. एकदम लक्षात आलं की आवाज नाही. माझा श्वास ऐकू येतोय, पाण्यावरचे पक्षी ऐकू येताहेत, पण पाय नाहीत. लक्षात आलं आणि लगेच गेलं. पुन्हा थाप थाप. पण तळव्याला माती लागत होती, गार पण लागत होती, मधला एक खडासुद्धा कळला आणि पाय त्याच्यावरून आपसूक सरकला. नवरात्रातलं ते हेच होतं.

टाचांना मात्र भेगा पडल्यात. सासूबाई रात्री कोकमाचं तेल वितळवून भरतात आणि भरताना पायताणाचा विषय काढतात.

कुत्र्याचं सांगायचं राहिलं. गेल्या तीन दिवसांत दोनदा मी शेजारून गेलो आणि त्यानं मानसुद्धा वर केली नाही. मी मुद्दाम वळून बघितलं. डोळे उघडे होते.

ता.क. टॉवर_ते_टॉवर, ३१ तारखेनंतर आठवडाभर शूजच. कबूल.

---

खासबागचा_म्हातारा | २९ डिसेंबर, रात्री ९.४०

लई भारी. पण कुत्रं बहिरं तर झालं नाही न्हवं? थंडीत म्हातारी कुत्री अशी गप्प पडत्यात.

---

गुळवाली | २९ डिसेंबर, रात्री ९.५२

बहिरं नाही काका. काल बिस्किटाचा पुडा फोडला, तर वीस पावलांवरून उठून आलं.