मदत हवी आहे : शाई-वॉशच्या चित्रात जुन्या खिडक्यांच्या काचा कशा दाखवायच्या?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या हार्डविक हॉलचं शाई-वॉशचं चित्र करतेय, म्हणजे शाईच्या रेघा आणि त्यावर पाण्यासारखा पातळ रंग (वॉश). १५९० च्या दशकात बेस ऑफ हार्डविकनं बांधून घेतलेली ही हवेली म्हणजे भिंती कमी आणि काचाच जास्त. वर मनोऱ्यांच्या कठड्यावर तिची 'ई एस' (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत. ती छान जमली.

अडलंय ते काचांपाशी. बारीक चौकटी ०.१ च्या वॉटरप्रूफ पेनानं काढल्या, पूर्ण वाळू दिल्या. पण सेपियाचा (तपकिरी) वॉश दिला की अख्खी खिडकी एकसारखी, निर्जीव दिसते. प्रत्यक्षात एक काच आभाळासारखी पांढरी, तर शेजारचीच जवळजवळ काळी! शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचा किंचित वेगवेगळ्या कललेल्या असतात ना, म्हणून. तो उजेडाचा खेळच मला हवाय.

आधी वॉश आणि मग रेघा, असं करू का? काही काचा कोऱ्या ठेवायला मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून आधी लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) चालेल का? मागच्या वेळी त्यानं कागदाचा पापुद्रा निघाला होता. कागद ३०० जीएसएम (जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). आणि उन्हाकडच्या बाजूच्या रेघा तुटक ठेवाव्यात का?

कोणी अशा खिडक्या केल्या असतील तर टप्प्याटप्प्यानं सांगा, प्लीज. फोटो टाकलात तर फारच मदत होईल.