सुरुवातीच्या बीबॉपमध्ये व्हायब्राफोन आणि पियानो: कोण काय वाजवतंय हे ओळखायचं कसं?

कोरा_कागद:
बीबॉप (१९४० च्या दशकातला नवा जॅझ) वाजवणारा व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन, त्याच्या १९४५ ते १९५२ या काळातल्या रेकॉर्ड ऐकतोय. व्हायब्राफोन म्हणजे काठ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. तीन प्रश्न आहेत.
एक, जुन्या मोनो रेकॉर्डवर सगळे एकत्र वाजवायला लागले की व्हायब्राफोन आणि पियानो वेगळे काढता येत नाहीत. काही युक्ती?
दोन, कुठल्या क्रमाने ऐकावं?
तीन, बी फ्लॅटमधल्या ब्लूजला व्हायब्राफोनच्या मागे पियानोची संगत करायची आहे. नेहमीचे चार-पाच सुरांचे कॉर्ड दाबले की नुसती खिचडी होते. काय चुकतंय?

तबकडीप्रेमी:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे: सूर मोजा. जॅक्सनच्या हातात दोनच काठ्या, म्हणजे एका क्षणी जास्तीत जास्त दोन सूर. तीन किंवा चार सूर एकदम पडले की तो पियानो. एकेरी सुरांच्या तानेत मात्र ही खूण चालत नाही. तिथे सुराचं शेपूट ऐका. जॅक्सन लांबवलेला सूर सावकाश हेलकावे घेत विरत जातो. पियानोचा सूर सरळ खाली येतो, त्यात हेलकावा नसतो.

हेलकावा येतो मोटरमुळे. पट्टीखालच्या नळीच्या तोंडाशी एक चकती फिरते, नळी उघडझाप करते आणि आवाज लहान-मोठा होतो. दुसरा व्हायब्राफोनवादक लायनल हॅम्प्टन, त्याचा हेलकावा जलद असायचा. जॅक्सनने मोटर मुद्दाम मंद ठेवली, म्हणून त्याचा लांब सूर गळ्यातून आल्यासारखा वाटतो.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा:

६ जून १९४५, व्हायब्राफोनवर रेड नॉर्व्हो (इथे जॅक्सन नाही), कॉमेट कंपनी. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी दोघेही आहेत, पियानोवर टेडी विल्सन. पियानो आणि व्हायब्राफोन अजून आधीच्या स्विंग शैलीत, पुढचे दोघे बीबॉपमध्ये. हा सांधा ऐकायला 'स्लॅम स्लॅम ब्लूज' घ्या, लय संथ आहे. या तबकड्या १२ इंची, त्यामुळे नेहमीच्या तीन मिनिटांपेक्षा जागा जास्त मिळाली आहे.

फेब्रुवारी १९४६, गिलेस्पी. ७ तारखेला लॉस एंजेलिस भागात डायल कंपनीसाठी (पार्कर नाही, टेनर सॅक्सोफोनवर लकी थॉम्पसन), २२ तारखेला न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टरसाठी. दोन्हीकडे जॅक्सन, पियानोवर अल हेग, बासवर रे ब्राउन. हेगची संगत नीट ऐका: तुटक, हलकी, एकाच ठोक्यावर न बसणारी. व्हिक्टरच्या ध्वनिमुद्रण-बैठकीत बिल डीअरँगोची गिटारही आहे, त्यामुळे मधलं सप्तक गजबजतं. फक्त पियानो-व्हायब्राफोन ऐकायचं असेल तर डायल बरी.

२ जुलै १९४८, पियानोवर थेलोनिअस मंक आणि सोबत जॅक्सन, ब्लू नोट कंपनी. बासवर जॉन सिमन्स, ड्रमवर शॅडो विल्सन. अमेरिकेत तेव्हा संगीतकारांच्या संघटनेची ध्वनिमुद्रणबंदी चालू होती, तरी हे झालं. एकच बैठक ऐकायला वेळ असेल तर हीच ऐका.

मग २३ जुलै १९५१ ची मंकची बैठक आणि ७ एप्रिल १९५२ ची, पियानोवर जॉन लुइस असलेली जॅक्सनची बैठक. दोन्ही ब्लू नोट.

विकत घेताना एक सांभाळा. १९४८ चेच ट्रॅक मंकच्या नावाच्या संचातही येतात आणि जॅक्सनच्या नावाच्या 'विझर्ड ऑफ द व्हाइब्ज'मध्येही. तारीख न बघता घेतलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात.

डावा_हात:
तिसऱ्याचं बोलतो. तीन सप्तकी व्हायब्राफोन मध्य सीच्या खालच्या एफपासून सुरू होतो. तुमचे भरगच्च कॉर्ड नेमके तिथेच पडतात. त्यात व्हायब्राफोनचं पेडल दाबलेलं आणि तुमचंही दाबलेलं, मग दोघांची आस एकमेकींत मिसळणारच.

उजवा हात पूर्ण काढा. डाव्या हाताने फक्त तिसरा आणि सातवा सूर:
बी फ्लॅट सेव्हनला डी आणि त्यावरचा ए फ्लॅट.
ई फ्लॅट सेव्हनला डी फ्लॅट आणि जी.
एफ सेव्हनला ई फ्लॅट आणि ए.

हे सगळं मध्य सीच्या खालच्या सप्तकात ठेवा. बघा, हात अर्ध्या सुराने खाली जातो किंवा वर येतो, बस. बारा मात्रा-खंडांचं आवर्तन एवढ्यात निघतं. यापेक्षा खाली नेऊ नका, बासशी भांडण होतं. सस्टेन पेडलवरून पाय काढूनच ठेवा. सूर दाबा आणि सोडा. व्हायब्राफोनवाला लांब सूर धरून असेल तेव्हा एखादा ठोका, तो तानेत घुसला की गप्प.

गप्प राहणं म्हणजे काय ते मंककडून शिकावं. वरच्या १९४८ च्या बैठकीतला 'मिस्टीरिओसो' हा बी फ्लॅटमधलाच ब्लूज आहे. मुखडा म्हणजे सहाव्या अंतराने चढत-उतरत जाणाऱ्या सुरांची एकसारखी चाल, अगदी रियाजाच्या पलट्यासारखी. जॅक्सनच्या सोलोमागे मंक मोजकेच सूर टाकतो. शेवटी मुखडा परत येतो तेव्हा जॅक्सन सरळ चाल धरतो आणि मंक तिच्याभोवती दूरदूरचे, तुटक सूर फेकतो. दोन वाद्यं एकदम वाजतात आणि कुठेही चिखल नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या १९४९ च्या पंचकाचं (व्हायब्राफोनवर मार्जरी हायम्स, गिटारवर चक वेन). पियानोत वरचा सूर चालीचा, तोच सूर डाव्या हाताने एक सप्तक खाली, मधली जागा कॉर्डच्या सुरांनी भरलेली. वरचा सूर व्हायब्राफोन उचलतो, खालचा गिटार. वाद्यं इथे मुद्दाम एकमेकांवर चिकटवलेली आहेत. वेगळी ऐकू आली तर वाजवणाऱ्यांचं चुकलं. हे चालतं कारण प्रत्येक सूर आधी ठरलेला असतो. आयत्या वेळच्या संगतीत असलं करायला जाऊ नये.

कोरा_कागद:
डी–ए फ्लॅटची युक्ती लागू पडली, आभार. दोन शंका. नॉर्व्होच्या रेकॉर्डवर हेलकावा ऐकूच येत नाही, तो झायलोफोन आहे का? आणि 'मिस्टीरिओसो'च्या माझ्याकडच्या दोन फायली सारख्या नाहीत, शिवाय एक पियानोशी जुळवून बघितली तर चढी लागते.

मंद्रसप्तक:
नॉर्व्हो मूळचा झायलोफोनवाला, पण १९४५ मध्ये तो व्हायब्राफोनच वाजवतोय. तो मोटर बंद ठेवायचा, म्हणून सूर कोरडा आणि सरळ. मॅलेटच्या मऊ आघातावरून ओळखा. झायलोफोनच्या लाकडी पट्टीचा सूर खट्कन संपतो, हा रेंगाळतो. त्यामुळे वर दिलेली हेलकाव्याची खूण नॉर्व्होला लावू नका.

'मिस्टीरिओसो'चे दोन टेक आहेत, म्हणजे तीच रचना एकाच बैठकीत दोनदा वाजवलेली आहे, त्यामुळे सोलो वेगळे असणारच. चढ्या सुराचं कारण मात्र वेगळं. कुणीतरी ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी) तबकडी चुकीच्या गतीने फिरवून उतरवली असावी. गती ३ टक्के जास्त असली की सूर अर्ध्या सुराच्याही निम्म्याने चढतो. फाइल दुरुस्त करताना व्हायब्राफोनला प्रमाण माना, पियानोला नाही. स्टुडिओतला पियानो उतरलेला असू शकतो, पण धातूच्या पट्ट्या कारखान्यातच सुरात घासलेल्या असतात, त्या बैठकीत कुणी पिळत नाही. जॅक्सनचा एखादा लांब बी फ्लॅट ट्यूनरला लावा, जेवढा फरक दिसेल तेवढी गती कमी करा. सॉफ्टवेअरमध्ये 'पिच' बदलू नका, 'स्पीड' बदला. नुसता पिच उतरवला तर लय चुकीचीच राहते आणि हेलकावाही खऱ्यापेक्षा जलद ऐकू येतो.

तबकडी स्वतः उतरवणार असाल तर एलपीची सुई लावू नका. ती बारीक असते, ७८ च्या रुंद खोबणीत तळाला जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. ७८ साठी साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते.

तबकडीप्रेमी:
ट्यूनर लावताना हेलकाव्याच्या सुरात काटा हलेल असं वाटतं, पण मोटर आवाज लहान-मोठा करते, सूर जवळपास जागेवरच राहतो. आघातानंतरचा अर्धा सेकंद सोडून वाचन घ्या.