शनिवारचा सिनेमा: सोसायटी ग्रुप

सावंत (सेक्रेटरी): शनिवारी रात्री 8 वाजता क्लबहाऊसमध्ये 'द मेसेंजर', 1999 चा. जोन ऑफ आर्कवर आहे, फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेली आणि पुढे खटला चालवून जाळलेली ती मुलगी. लढाया जबरदस्त.

परेरा टीचर: लावा, माझी हरकत नाही. फक्त लहान मुलांना आणू नका. सुरुवातीलाच जोन कपाटात लपलेली आणि बाहेर इंग्रज सैनिक तिच्या बहिणीला मारतो, पुढचं तर लिहवत नाही.

नेहा ए-203: बाप रे. खरंच घडलेलं का हे?

परेरा टीचर: जोनच्या खटल्याच्या नोंदीत कुठेच नाही. दिग्दर्शकाने पदरचं घातलंय. म्हणजे पोरगी लढली ती सुडापोटी, विषय संपला!

राहुल बी-302: टीचर, सिनेमाच आहे हो. तुमची संत म्हणून तुम्हाला लागतंय. स्वर्गातून आवाज ऐकू येतात म्हणणारीवर शंका घेतली तर बिघडलं कुठे?

परेरा टीचर: घे की शंका. 1431 मध्ये फ्रान्समधल्या रूआँला, तिच्या खटल्यात, बिशप कोशों आणि मंडळींनी दुसरं काय केलं? चर्चचीच माणसं ती. 19 वर्षांच्या मुलीला जाळायला लावलं, 1456 ला तो निकाल रद्द केला आणि संतपद दिलं थेट 1920 मध्ये. आम्ही कुठल्या तोंडाने रागवायचं!
पण ती तलवार बघ. सिनेमात ती शेतात सापडते. शेवटी तिच्या सदसद्विवेकाच्या भूमिकेतला डस्टिन हॉफमन तिला विचारतो, कुणाची पडली असेल, तू आकाशातूनच आली असं का धरलंस? प्रसंग झकास आहे. पण जोनने खटल्यात सांगितलेली तलवार फिएर्बुआच्या चर्चमधली, वेदीजवळ पुरलेली, गंजलेली, पाच क्रूस असलेली. वर म्हणाली, तलवारीपेक्षा मला माझं निशाण चाळीसपट प्रिय, मी कुणालाही मारलेलं नाही. जी तलवार तिची नव्हतीच, तिच्यावरून तिला निरुत्तर करायचं, ही कसली उलटतपासणी?

राहुल बी-302: हा मुद्दा बरोबर आहे.

देसाई काका: मग जोनवरचाच, दिग्दर्शक ड्रायरचा 1928 चा मूकपट लावा. तो खटल्याच्या नोंदीवरूनच केलाय. पॅरिसच्या आर्चबिशपांनी त्यालाही कात्री लावायला लावली होती. पूर्ण प्रत 1981 मध्ये सापडली, तीही नॉर्वेतल्या मनोरुग्णालयात!

सावंत (सेक्रेटरी): काका, मूकपट? शनिवारी रात्री? कोण बसणार?

परेरा टीचर: मी बसते. राहुललाही बसवते.

राहुल बी-302: वडे असतील तर येतो.