पार्किन्सन आणि रात्रीचं उठणं: तुमच्या घरचे अनुभव लिहा

घुंगरमाळ (अमळनेर)
काल पोळा झाला. दारात बैल राहिले नाहीत, पण त्यांची घुंगरमाळ पाटावर मांडून पूजतो. ती उचलली, वाजली आणि मला रात्रीचे अडीच आठवले. नानांना पार्किन्सन होता. थरथरणारा हात गावाला दिसायचा, रात्री चार-पाचदा लघवीला उठणं फक्त घराला. आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्या खाटेवर हाक पोचत नसे, म्हणून आईनं ही माळ त्यांच्या खाटेला बांधली. वाजली की पळायचं. कधी उशीर व्हायचाच. ओलं धोतर सोडवताना नाना म्हणायचे, "तुले तरास व्हयना माय." कोण कोण जागलंय असं?

तापीकाठ
बारा, दोन, साडेतीन, पाच. आमचे बाबा. मी पाणीच कमी केलं त्यांचं, तेही जळगावच्या मे महिन्यात. आठ दिवसांत पोट कडक, उठलं की अंधारी, मोरीत पडले. अजून टोचतं मला ते. डॉक्टर म्हणाले दिवसा नीट पाजा, संध्याकाळी सहानंतर कमी करा, रात्रीचा चहा बंद. पोट साफ नसलं तरी मूत्राशयावर दाब येतो म्हणे

केळीबाग
प्रोस्टेट प्रोस्टेट करत आमची दोन वर्षं गेली. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन मूत्राशयाला आवरून धरतं, पार्किन्सनमध्ये ते घटलं की थोडं भरलं तरी घाई सुटते, हे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं. सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते बघितलं, तीन दिवस वेळ आणि माप वहीत लिहायला लावलं. प्रोस्टेट होतंच. सगळं त्याचं नव्हतं.

शहादेकर सून
बायकांचं कुणी बोलत नाही. सासूबाई जाग्या व्हायच्या वेळेत, पण बोटं परकराच्या नाडीत अडकायची. गाठ सुटेपर्यंत सगळं ओलं. मुलाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. इलॅस्टिकचा परकर शिवला, खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली. पहिल्या रात्री कोरड्या झोपल्या तर सकाळी माझा हात धरून बसल्या नुसत्या.

भुसावळ यार्ड
दिवसभर ओट्यावर पाय सोडून बसायचे वडील, पाय सुजायचे. ते पाणी रात्री आडवं झालं की लघवीवाटे निघतं. दुपारी पाय उशीवर ठेवायला लागलो, दोन खेपा कमी झाल्या. आणि उठवताना घाई नको, आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसवा, बीपी उतरतं. रात्रीच्या गोळीची वेळही डॉक्टरांनी बदलली, अंग कडक व्हायचं म्हणून

पुण्यातली धुळेकर
घुंगरमाळ ताई, पोळ्याला खापरावरची पुरणपोळी केली का? इथे खापरच मिळत नाही चांगलं

घुंगरमाळ (अमळनेर)
केली. आईचे हात आता थकले, पोळी मोठी होत नाही पूर्वीसारखी. ये दिवाळीत, खापर देते.

पाचोऱ्याहून
सगळं वाचलं नाही, घाईत आहे. आईला कालपासून भिंतीवर माणसं दिसतात, मला ओळखत नाही मधेच. पार्किन्सन सहा वर्षं. रात्री सारखी लघवी, जळजळ म्हणते. आजार वाढला का?

केळीबाग
एकदम झालंय ना? आजच दाखवा, लघवी तपासा. संसर्गानं या आजारात माणूस असा भ्रमतो. लघवीची नवीन गोळी चालू केलीय का? काही गोळ्यांनीही होतं. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाचोऱ्याहून
हो, चार दिवसांपूर्वी सुरू केली

शहादेकर सून
सगळी औषधं पिशवीत घाल आणि निघ. ताप बघ आधी.

पाचोऱ्याहून
१०१ आहे. रिक्षा बोलावली.

घुंगरमाळ (अमळनेर)
पोचलीस की कळव. मी जागी आहे.