होमरनचे विक्रम, उत्तेजके आणि बदललेला चेंडू: दोष एकट्या खेळाडूचा का?

डावखुरा (धागाकर्ता)

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये बॅरी बॉण्ड्सच्या नावावर ७६२ होमरन (सहसा चेंडू हवेतून थेट कुंपणापार धाडणारे फटके) आहेत, त्यांपैकी ७३ त्याने २००१ च्या एकाच हंगामात मारले आणि हे दोन्ही विक्रम अजून अबाधित आहेत. तरीही २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातील त्याच्या शेवटच्या वर्षी, हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी लागणाऱ्या ७५ टक्क्यांऐवजी त्याला ६६ टक्केच मते मिळाली. उत्तेजकांच्या आरोपांमुळे हे झाले, हे उघड आहे. बॉण्ड्स धुतल्या तांदळासारखा आहे असे माझे म्हणणे नाही. पण ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे घडले ते लीगचे आयुक्त (प्रमुख) बड सेलिग २०१७ मध्ये त्याच हॉलमध्ये सन्मानाने दाखल झाले. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सीरिज (हंगामाची अंतिम मालिका) रद्द झाली, रुसलेला प्रेक्षक १९९८ मध्ये मार्क मॅकग्वायर आणि सॅमी सोसा या खेळाडूंच्या होमरनच्या चढाओढीने परत आला, मालकांची तिकिटे खपली आणि उत्तेजकांच्या चाचण्या मात्र २००३ पर्यंत सुरू झाल्या नाहीत. लाभ सर्वांनी वाटून घ्यायचा आणि खापर तेवढे खेळाडूच्या माथी फोडायचे, हे मला पटत नाही.

शिवाय होमरन वाढतात ते काही केवळ उत्तेजकांमुळे नाही. २०१४ मध्ये संपूर्ण लीगमध्ये ४,१८६ होमरन झाले होते, तर २०१९ मध्ये ६,७७६. आणि तेव्हा चाचण्या कडक होत्या. लीगनेच नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीला आढळले की चेंडूला होणारा हवेचा अवरोध घटला होता आणि शिवणीची किंचित कमी झालेली उंची हे त्याचे एक कारण होते. चेंडूवर हाताने घातलेले १०८ दुहेरी टाके असतात. ते केसभर खाली बसले तरी कुंपणाशी झेलला जाणारा फटका प्रेक्षकांत जाऊन पडतो. त्या वर्षीच्या होमरनवर कोणी शिक्का मारला नाही.

तिसरा बेस

आपला चेंडूचा मुद्दा मला मुळातच गैरलागू वाटतो. २०१९ चा चेंडू दोन्ही संघांना सारखाच मिळत होता. सुई मात्र ज्याने टोचून घेतली त्यालाच लाभली. नियम नव्हता असेही म्हणता येणार नाही, कारण आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्येच सर्व संघांना स्टेरॉइडबंदी लेखी कळवली होती. नसली तर चाचणी नव्हती, आणि पकडले जाण्याची भीती नाही म्हणून केलेले कृत्य निर्दोष ठरत नाही.

८ सप्टेंबर १९९८ ची रात्र आठवा. मॅकग्वायरने हंगामातला ६२ वा होमरन मारून रॉजर मॅरिसचा एका हंगामातील होमरनचा १९६१ चा विक्रम मोडला आणि प्रेक्षकांत बसलेल्या मॅरिसच्या मुलांना जाऊन मिठी मारली. त्याच मॅकग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. दिवंगत वडिलांचा मान त्या मुलांनी ज्याच्या हाती मोठ्या मनाने सोपवला, त्याने त्यांचीही फसवणूक केली होती. ज्या प्रामाणिक खेळाडूंची संघातील जागा यात गेली, त्यांची तर नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

उजवे मैदान

दोघांच्याही मांडणीत फटका मारण्याची बदललेली पद्धत राहून गेली आहे. २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजमाप यंत्रणा आली, चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि किती अंशांनी उडतो हे मोजता येऊ लागले, आणि जमिनीलगतचे फटके सोडून हिटर जाणीवपूर्वक उंच मारू लागले. यात गैर काहीच नाही, ही मेहनत आहे.

गैरवर्तनाबद्दल बोलायचे तर मला ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाचे प्रकरण अधिक गंभीर वाटते. २०१७ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्धी कॅचरने चेंडूफेक्याला केलेल्या खुणा पाहिल्या आणि डगआउटमागे (खेळाडूंच्या बाकांमागे) कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला पुढच्या चेंडूची सूचना दिली. चौकशीनंतर व्यवस्थापक आणि सरव्यवस्थापक एका वर्षासाठी निलंबित झाले, संघाला ५० लाख डॉलर दंड झाला. पण माहिती देण्याच्या बदल्यात अभय मिळाल्याने एकाही खेळाडूला शिक्षा झाली नाही. तेव्हा खापर नेहमी खेळाडूवरच फुटते, हे धागाकर्त्यांचे विधान येथे टिकत नाही.

डावखुरा

ॲस्ट्रोजबाबतचा आक्षेप मान्य आहे, पण त्यातून माझेच म्हणणे पुढे जाते: शिक्षा कोणाला करायची हे लीग सोयीने ठरवते. म्हणूनच बॉण्ड्सला हॉलमध्ये घ्यावे आणि त्याच्या फलकावर आरोपांचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी माझी मागणी आहे.

तिसरा बेस

इतिहास जपण्यासाठी फलकाची गरज नाही. आधीचा विक्रमवीर हँक ॲरन याला मागे टाकणाऱ्या बॉण्ड्सच्या ७५६ व्या होमरनचा चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको यांनी विकत घेतला, लोकांचा कौल घेऊन त्यावर विक्रम शंकास्पद असल्याची खूण म्हणून तारांकन (*) कोरले आणि २००८ मध्ये तो कूपर्सटाउनच्या त्याच हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयाला दिला. फलक हा गौरव असतो, आणि सेलिग यांना तो चुकीने मिळाला असेल तर ती चूक बॉण्ड्सच्या बाबतीत पुन्हा करू नये.