अकरावी सायन्स, तासगाव-सांगली ये-जा: सीईटी धरून दोन वर्षांची आखणी कशी करावी?

प्रश्न: तासगावची_ताई

धाकटा भाऊ यंदा अकरावीला, स्टेट बोर्ड, कॉलेज सांगलीत. दहावी सेमी-इंग्लिशमधून. रोज एसटीनं ये-जा, घरी टेकायला साडेपाच होतात. त्याच्या डोक्यात सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर आहे, नाहीतर कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग. क्लासवाले सांगतात जेईई (आयआयटी-एनआयटीची देशपातळीवरची परीक्षा) आणि सीईटी (राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाची) दोन्ही एकदम होतं. घरी रोज तीन तास आणि रविवारी सहा, यापेक्षा जास्त वेळ मिळेल असं वाटत नाही. जेईई धरावी का सोडावी? अकरावीत नेमकं काय पक्कं करून घ्यायचं? आणि टेस्ट कधीपासून लावायच्या?

उत्तर १: गणित_फळ्यावर

ताई, आधी पेपर बघा, आखणी त्यातूनच निघते. सीईटीचा पीसीएमचा (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) पेपर २०० मार्कांचा, १५० प्रश्न. फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, एकेका मार्काचे, दोन्ही मिळून ९० मिनिटांत. मग हा भाग बंद होतो आणि गणित उघडतं: ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, परत ९० मिनिटं. म्हणजे निम्मे मार्क एकट्या गणिताचे. तरी बहुतेक पोरं तिन्ही विषयांना सारखाच वेळ देतात. आठवड्याचे साधारण २४ तास धरले तर २ मोकळे ठेवायचे (कशाला ते खाली सांगतो), उरलेल्यातले ११ गणिताला, ६ फिजिक्सला, ५ केमिस्ट्रीला.

प्रत्येक विषयात २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. अकरावीचं अख्खं पुस्तक नाही, ठरावीक धडेच. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, कॉम्प्लेक्स नंबर, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, प्रोबॅबिलिटी, फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि मेझर्स ऑफ डिस्पर्शन. यादी सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात असते, ती प्रिंट काढून भिंतीवर लावा. पण फक्त दहा प्रश्नांसाठी म्हणून अकरावी करू नका. त्रिकोणमितीची सूत्रं कच्ची राहिली की बारावीत इंटिग्रेशन अडतं, आणि इंटिग्रेशन अडलं की डेफिनिट इंटिग्रल, एरिया आणि डिफरन्शियल इक्वेशन हे तिन्ही धडे गेले. पोरं म्हणतात इंटिग्रेशन जमत नाही. वही उघडून बघितलं तर साइन स्क्वेअरचं कॉस टू थीटात रूपांतर करतानाच गाडी थांबलेली असते.

दुसरं, बारावीचं गणित दोन भागांत आहे आणि अख्खं कॅल्क्युलस दुसऱ्या भागात. कॉलेजात ते संपता संपता डिसेंबर उजाडतो, पुढं प्रॅक्टिकल आणि बोर्ड. सरावाला वेळच उरत नाही. म्हणून अकरावीची परीक्षा झाली की सुट्टीत डिफरन्सिएशन आणि इंडेफिनिट इंटिग्रेशन हे दोनच धडे उरकून घ्या, भाराभर काही नको.

एका धड्याची पद्धत: पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करायची, मग स्वाध्याय, मग ८० एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न. सगळे एका दमात नाही. ४० त्याच आठवड्यात, २० पुढच्या रविवारी, उरलेले २० महिन्यानं. ते महिन्यानंतरचे २० सगळे टाळतात, आणि धडा खरंच झालाय का ते तिथंच कळतं. त्यात १४ च्या खाली आलं तर धडा झाला असं धरू नका.

आणि रविवारच्या सहा तासांपैकी दोन तास मोकळे ठेवा, कुठलाही विषय न लिहिता. यात्रा, लग्न, चुकलेली एसटी, आठवड्यात काहीतरी मागं पडतंच. ते तिथं भरून निघालं नाही की दिवाळीपर्यंत वेळापत्रक कागदावरच राहतं.

उत्तर २: आमराई_कट्टा

वरचं पटलं. जेईईचं मी सांगतो, कारण "दोन्ही एकदम" म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. धड्यांचा क्रमच जुळत नाही. जेईईचे क्लास एनसीईआरटीच्या (केंद्रीय) पुस्तकांप्रमाणे जातात. तिथं रोटेशन, फ्लुइड, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन हे अकरावीला. आपल्या बोर्डात हे सगळं बारावीला. उलट इलेक्ट्रोस्टॅटिक्स, ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर आपल्याकडं अकरावीतच सुरू होतं. म्हणजे सकाळी कॉलेजात एक, संध्याकाळी क्लासला दुसरं, आणि घरी येऊन तीन तासांत नेमका कशाचा अभ्यास करायचा?

त्यातून अभ्यासक्रमही वेगळा. क्वाड्रॅटिक इक्वेशन, सीक्वेन्स-सीरीज, बायनॉमियल थिअरम, पॅराबोला-एलिप्स जेईईला लागतात, सीईटीच्या अकरावीच्या यादीत नाहीत. मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रामिंग सीईटीला आहेत, जेईईला नाहीत. हे दोन्ही हमखास मार्कांचे धडे आहेत.

वालचंद आणि कराड दोन्हीकडं जायचा रस्ता मुख्यतः सीईटीचाच. एनआयटी किंवा आयआयटी मनात नसेल तर जेईईसाठी वेगळा तास देऊ नका. जेईई मेनचा (जेईईच्या पहिल्या टप्प्याचा) फॉर्म भरायला हरकत नाही, पण अभ्यास सीईटीचा. तिथं ७५ प्रश्न, चुकीला एक मार्क वजा. तिथली सवय घेऊन पोरगं सीईटीला बसलं की न येणारे प्रश्न कोरे सोडतं. सीईटीत निगेटिव्ह नाही, एकही कोरा ठेवायचा नाही. गणितात २० प्रश्न नुसते ठोकले तरी सरासरी ५ बरोबर, म्हणजे १० मार्क.

उत्तर ३: गणित_फळ्यावर

@आमराई_कट्टा, क्रमाचा मुद्दा बरोबर. फक्त एक: सीईटीची गणिताची काठिण्यपातळी आता जेईई मेनच्या सोप्या-मध्यम प्रश्नांच्या जवळ जाते. म्हणून जे धडे दोन्हीकडं आहेत त्यांचे मेनचे जुने प्रश्न बारावीत सोडवून घ्यावेत. अकरावीत नको, पोरगं खचतं.

उत्तर ४: लॅब_नंबर_दोन

फिजिक्स-केमिस्ट्रीबद्दल थोडं. १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. केमिस्ट्री ३५ मिनिटांत काढली तरच फिजिक्सच्या आकडेमोडीला ५५ मिळतात. त्यासाठी केमिस्ट्रीला बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ. प्रश्न पुस्तकातल्या वाक्यावरून उचललेले असतात, तक्त्यातून आणि चौकटीतूनसुद्धा. पॉलिमर, बायोमॉलिक्यूल, ग्रुप १६-१७-१८ हे वाचायचे धडे एसटीत होतात. गणितं एसटीत करायच्या फंदात पडू नये.

चुकांची वही ठेवा, पण त्यात अख्खं गणित उतरवू नका. चूक का झाली तेवढी एक ओळ. उदाहरणार्थ उभ्या वर्तुळातली गती: "दोरी असेल तर तळाला वेगाचा वर्ग किमान ५ आरजी. दांडा असेल तर ४ आरजी, कारण दांड्याला वरच्या बिंदूवर वेग शून्य चालतो. प्रश्नात रॉड होतं, मी दोरीचं सूत्र लावलं." अशी ओळ टेस्टच्या आदल्या दिवशी वाचायला दोन सेकंद लागतात.

टेस्ट: अकरावीत महिन्याला एक, झालेल्या धड्यांवरच. पूर्ण पेपर बारावीच्या दिवाळीनंतर, पंधरवड्याला एक. बोर्डाच्या आधीचा महिना बंद, कारण बोर्डाला लिहून सोडवायचं असतं आणि तो सराव निराळा. बोर्ड संपल्यावर सीईटीपर्यंत आठवड्याला तीन, कॉम्प्युटरवरच, ९०-९० मिनिटांचे दोन भाग पाडून. तीन तासांचा पेपर तपासायला तेवढाच वेळ द्या. रोज एक पेपर देऊन नुसते मार्क बघणारी पोरं आहे तिथंच राहतात.

तासगावची_ताई

खूप आभार. म्हणजे क्लासला सीईटीची बॅच निवडायची. अजून एक, तो फिजिक्स मराठीतून वाचायचं म्हणतोय, पेपरही मराठीत घेता येतो म्हणे?

लॅब_नंबर_दोन

फिजिक्स-केमिस्ट्रीला मराठीचा पर्याय आहे, गणित मात्र इंग्रजीतूनच येतं. तो सेमीचा आहे आणि कॉलेजात इंग्रजीतूनच शिकतोय, तर पेपरही इंग्रजीतूनच घ्या. नाहीतर ५४ सेकंदांतले दहा 'जडत्व परिबल' म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया हे आठवण्यात जातात. समजत नसेल तिथं मराठीतून समजून घ्यायला काहीच हरकत नाही.

आमराई_कट्टा

अभ्यासाचं नाही, पण आत्ताच सांगतो. राखीव प्रवर्ग लागू असेल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चपर्यंतच चालतं, त्यामुळं ते बारावीनंतर नवीन आर्थिक वर्षात ताजं काढा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) जागेला शिक्षण शुल्क माफ असतं, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जूनमध्ये सेतूत रांग लागते, मे महिन्यातच जा.

तासगावची_ताई

उद्याच कॉलेजच्या ऑफिसात विचारायला सांगते त्याला.

गणित_फळ्यावर

आणि येताना अकरावीच्या गणिताचे दोन्ही भाग घेऊन येऊ दे. त्रिकोणमितीपासून सुरुवात करा, लिमिट त्याच्या मागोमाग.